वस्तूचे रेखाटन : विचार करण्याचे एक साधन

(शालेय विद्यार्थ्यांच्या वस्तू-रेखाटन स्पर्धेच्या पारितोषिक वितरणप्रसंगी केलेले भाषण)



वक्तृत्व, निबंध आणि पाठांतर यांच्या स्पर्धा आपल्या शाळांतून दरवर्षी होतात. या खेपेस मुलांना थोडे निराळे आव्हान देण्यात आले. घरातील किंवा मोहल्ल्यातील एखादी अडचण शोधून काढा आणि ती दूर करील अशी वस्तू कागदावर रेखाटून दाखवा, एवढेच त्यांना सांगितले होते. अशा वेळी पालकांच्या मनात एक प्रश्न येतो. गणित, विज्ञान, इंग्रजी सोडून मुलाने चित्रे काढीत बसावे काय? कष्टाच्या पैशातून फी भरणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तर देणे मी माझे आजचे काम समजतो.

प्रथम एक फरक ध्यानात घेऊ. चित्र हे पाहण्यासाठी असते, तर वस्तूचे रेखाटन हे ती वस्तू घडविण्यासाठी असते. सुतार फळीवर पेन्सिलीने रेघ मारतो, शिंपी कापडावर खडूने आखणी करतो, गॅरेजमधला उस्ताद फरशीवर कोळशाने पुर्जा काढून शागिर्दाला समजावतो. ही सारी रेखाटनेच होत. त्यांत सौंदर्य असेल वा नसेल, परंतु ती चुकली तर लाकूड, कापड आणि लोखंड फुकट जाते. ज्या घरात हातांनी काम चालते त्या घरातील मूल या विषयात कोरे नसते, ही गोष्ट आपण कधी ध्यानातच घेत नाही.

ही विद्या फार जुनी आहे. इ. स. १२०६ मध्ये, आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकर येथील राजदरबारात काम करणाऱ्या अल्-जझरी या यंत्रकाराने आपला ग्रंथ पूर्ण केला. पाण्यावर चालणारी घड्याळे, कारंजी, पाणी वर चढविणारी यंत्रे अशा पन्नास उपकरणांची माहिती त्यात आहे. त्याने नुसते वर्णन केले नाही. आकृत्या काढल्या, भागांना अक्षरांच्या खुणा दिल्या आणि कोणता भाग कसा बनवावा हे लिहून ठेवले. त्यामुळेच सुमारे पावणेआठशे वर्षांनी, १९७६ साली, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यातील एक मोठे जलघड्याळ पुन्हा उभे करता आले. कारागीर गेला तरी त्याचा विचार कागदावर जिवंत राहिला. आपल्याकडील कितीतरी कसबी माणसांचे हुन्नर मात्र त्यांच्याबरोबरच मातीत गेले, कारण ते कोणी रेखाटून ठेवले नाही.

आता जवळचे उदाहरण घेऊ. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य आपल्या देशात हिंडले आणि त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वांत वाखाणलेली वस्तू कोणती असेल? आपला साधा लोटा! लोटा करायचा तर त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, धातू तापतो किती, आणि मोडीत घातल्यावर त्याचे काय येते, असे प्रश्न त्यांनी मांडले. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली स्थापन झाली, ती याच अहवालाच्या पार्श्वभूमीवर.

विद्यार्थी मित्रांनो, हेच प्रश्न तुम्ही घरातल्या तोटीच्या लोट्याला, म्हणजे आपल्या बधन्याला, विचारून पाहा. वजू करताना एका हाताने तो कलता करून दुसऱ्या हातावर पाणी घेता येते ते कशामुळे? तोटी पोटाच्या कोणत्या उंचीवर बसविली आहे? ती आणखी खाली असती तर पाणी कोठवर भरता आले असते? धार बारीक राहते म्हणून पाणी किती वाचते? या प्रश्नांची उत्तरे शोधीत बधना चार बाजूंनी काढा. एका तासात वस्तूविषयी जे कळेल ते नुसते पाठ करून कळणार नाही.

आता महाराष्ट्रातील एक हकीगत सांगतो. दुष्काळी भागात खडक फोडून विंधन विहिरी खणल्या गेल्या, पण त्यांवर बसविलेले बिडाचे हातपंप वरचेवर मोडत. त्यांचा मूळ नमुना परदेशातील एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी होता, आणि आपल्याकडे सारे गाव दिवसभर त्यावर पाणी भरीत होते. जालना आणि सोलापूर येथे काम करणाऱ्या मंडळींनी पोलादी सांगाड्याचे, सुटसुटीत सांध्यांचे पंप बनविले. त्या अनुभवाच्या पायावर १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध झाला आणि तो पुढे आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. पंप कोण चालविते, किती वेळ चालविते, मोडला तर दुरुस्त कोण करणार, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच तो सुधारता आला. चांगल्या रेखाटनाचा आरंभ पेन्सिलीपासून नव्हे, अशा पाहण्यापासून होतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी आव्हान घ्याल तेव्हा काही गोष्टी पाळा.

पहिली गोष्ट, वस्तू निवडू नका, अडचण निवडा. उडती मोटार काढण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यापेक्षा शिलाईच्या मशीनवर रात्री सुई ओवताना अम्मीला त्रास का होतो ते पाहा. फळांच्या हातगाडीवर पाऊस आला की चाचांची धांदल का उडते ते पाहा. धाकट्या भावाच्या डब्यातले कालवण वह्यांवर सांडते, ते कोठून गळते ते शोधा.

दुसरी गोष्ट, विचारा आणि मोजा. ज्याची अडचण आहे त्याच्याजवळ बसा. फूटपट्टी घेऊन त्याच्या तळहाताची रुंदी, ओट्याची उंची, गाडीची लांबी टिपून घ्या. अंदाजाने काढलेली वस्तू बहुधा कोणाच्याच हाती बसत नाही.

तिसरी गोष्ट, एकच रेखाटन करून थांबू नका. पाठकोऱ्या कागदावर लहान लहान वीस आकृत्या काढा. खोडरबर दूर ठेवा. पहिल्या चार-पाच कल्पना सर्वांना सुचतात त्याच असतात. खरी आपली कल्पना त्यानंतर येते. चुकलेली आकृतीही ठेवा, कारण आपण कोणती वाट का सोडली हे तीच सांगते.

चौथी गोष्ट, काढण्याची थोडी रीत शिका. बहुतेक वस्तू खोका, नळकांडे आणि गोळा यांच्यापासून होतात. पेल्याचे गोल तोंड डोळ्यांच्या रेषेत धरले तर सरळ रेघेसारखे दिसते, आणि पेला जसजसा खाली न्याल तसतसा त्याचा लंबगोल रुंद होत जातो. एवढे जरी हाताला वळण लागले तरी निम्मे काम झाले. वस्तूजवळ हात काढा, म्हणजे तिचे आकारमान कळते. भाग हलत असेल तर बाण दाखवा. आतली रचना दाखविण्यासाठी वस्तू मधोमध कापल्यासारखा छेद काढा. शेजारी दोन शब्द लिहा : कशाची, किती वजनाची, दुरुस्ती कशी. शेवटी पुठ्ठा आणि दोरा घेऊन ती करून पाहा. कागदावर लपलेली चूक पुठ्ठ्यात लगेच उघडी पडते.

परीक्षक या नात्याने मी पाहिलेल्या दोन कागदांविषयी सांगतो. एकावर पाण्याची बाटली होती, छायाप्रकाशासह अगदी हुबेहूब. दुसऱ्यावर बरणीचे झाकण होते आणि रेघा वाकड्या होत्या. पण त्या मुलीने आपल्या दादीची सांधे धरलेली बोटे काढली होती, दादीला झाकण कोठे पकडता येत नाही तिथे फुली मारली होती, आणि झाकणाला तीन रुंद पाकळ्या देऊन बोटांऐवजी तळहाताने ते फिरवता येईल असे दाखविले होते. आम्ही दुसऱ्या कागदाला अधिक गुण दिले. बाटली काढणाऱ्याचा हात उत्तम आहे, त्याने आता अडचण शोधावी. आज संगणकही क्षणात सुरेख चित्र काढून देतो, परंतु दादीजवळ बसून तिची बोटे पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते.

पालकहो, आता व्यवहाराचे बोलू. आपल्या राज्यात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेत असतानाच देता येतात. मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी. मध्ये १९६९ पासून औद्योगिक रचनेचे शिक्षण दिले जाते. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी २०१५ पासून ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा आहे. तिला कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, आणि तिच्यात चित्र काढण्याचा प्रश्न असतो. अहमदाबादच्या संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी आहे. या वाटेवर स्पर्धा मोठी आहे आणि खर्चही आहे, हे मी लपवीत नाही. म्हणूनच तयारी बारावीनंतर नव्हे, सहावी-सातवीपासून व्हावी, आणि तिला वही व पेन्सिलीपलीकडे फारसे काही लागत नाही.

आणि प्रत्येक मूल रचनाकारच झाले पाहिजे असेही नाही. जो मुलगा पुस्तकात मागे पडतो पण बिघडलेला पंखा उघडून बसवितो, त्याला आपण ‘ढ’ म्हणून दहावीआधीच कामाला लावतो. त्याच्या हातातली बुद्धी कागदावर उतरली तर शिक्षकाला ती दिसेल, आणि तो आय. टी. आय., पदविका किंवा त्यापुढेही जाऊ शकेल. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. घरातील बहुतेक वस्तू त्या हाताळतात, पण त्या वस्तू कशा असाव्यात हे त्यांना कोणी विचारीत नाही.

संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. वर्षातून चार वेळा, शनिवारी, विद्यार्थ्यांना जवळच्या कारखान्यात, सुतारखान्यात किंवा शिलाईच्या दुकानात न्यावे आणि तेथील एक अडचण रेखाटण्यास सांगावे. तिथल्या उस्तादांनाच परीक्षक म्हणून बोलवावे. त्यांच्यापैकी अनेकांना शाळेची पायरी चढता आली नाही. आपल्या मुलांच्या वह्यांवर त्यांचा अभिप्राय असणे हा त्यांचाही मान होईल आणि मुलांचाही फायदा होईल.

पारितोषिक मिळालेल्या विद्यार्थ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. ज्यांना मिळाले नाही त्यांनी आपला कागद घरी न्यावा, ज्याच्यासाठी वस्तू काढली त्याला दाखवावा, आणि तो काय म्हणतो ते कागदाच्या मागे लिहून ठेवावे. पुढचे रेखाटन तेथूनच सुरू करावे.