सत्तर जागांची मराठी

लोकलमध्ये दाराशी उभं राहून ऐकत असाल किंवा रात्री निवांत वाचत असाल, आज आधी एक छोटं काम करा. एपिसोड पॉज करा, फोनमधला मेसेज बॉक्स उघडा आणि बँकेचे शेवटचे दहा एसएमएस बघा. ओटीपी, पैसे जमा, पैसे वजा, 'ओटीपी कोणाला सांगू नका' वगैरे. दहापैकी मराठीत किती आहेत?

बऱ्याच जणांचं उत्तर 'एकही नाही' असंच येईल. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण आपण ते मेसेज वाचतच नाही. आकडा बघतो आणि स्वाइप करतो. आता हाच मेसेज आईच्या किंवा आजोबांच्या फोनवर आलाय असं समजा. त्यांना त्यातला फक्त आकडा कळतो. पैसे आले की गेले, हे सांगणारा शब्द इंग्रजीत असतो.

आणि फ्रॉड करणारा? तो फोनवर छान मराठीत बोलतो, नाहीतर हिंदीत. 'काका' म्हणतो, 'घाबरू नका' म्हणतो. म्हणजे फसवणारा आपल्या भाषेत येतो आणि सावध करणारा मेसेज इंग्रजीत येतो. आजचा विषय हाच. असं का होतं, त्यात टेक्निकल भाग किती आणि निव्वळ सवय किती?

आधी टेक्निकल भाग, कारण तो भारी इंटरेस्टिंग आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षरांसाठी जी ठरलेली यादी आहे, तिच्यात एका अक्षराला ७ बिट लागतात. ११२० भागिले ७ म्हणजे १६०. जुन्या फोनवर टाइप करताना कोपऱ्यात १६० पासून उलटा जाणारा आकडा आठवतोय ना? तो हाच.

हा १६० आला कुठून? १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचे जर्मन इंजिनिअर बॉनमध्ये टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करत बसले आणि अक्षरं मोजत गेले. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपत होती. पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे संदेशही त्यांनी तपासले. मग ठरलं, एवढं पुरे. ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. त्यांनी काही वाईट केलं नाही. त्यांच्या टाइपरायटरवर जी लिपी होती, ती त्यांनी मोजली. आपली लिपी तेव्हा त्या टेबलावर नव्हती, एवढंच.

मराठी त्या ७ बिटांच्या यादीत बसत नाही. मग मेसेज युनिकोडमध्ये पाठवावा लागतो आणि तिथे एका जागेला १६ बिट. ११२० भागिले १६ म्हणजे ७०. बास, सत्तर.

आणि या सत्तर जागा म्हणजे सत्तर अक्षरं नव्हेत हं. 'स्त्री' हे आपल्यासाठी एक अक्षर. कॉम्प्युटरसाठी ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. सहा जागा! काना, मात्रा, उकार, अनुस्वार, प्रत्येकाला वेगळी जागा लागते. म्हणजे आधीच घर लहान, त्यात आपली जोडाक्षरं एकत्र कुटुंबासारखी.

एक साधा मेसेज घेऊ. 'तुमच्या खात्यातून ५,००० रुपये काढले गेले. तुम्ही काढले नसतील तर लगेच फोन करा.' मी मोजलंय, ७७ जागा. यात खाते क्रमांक नाही, तारीख नाही, फोन कुठे करायचा तो नंबरही नाही, तरी सत्तरच्या पुढे गेला. हाच मजकूर इंग्रजीत साधारण ७१ जागांत बसतो आणि तिथे मर्यादा १६०. म्हणजे नंबर, तारीख सगळं टाकूनही एकाच एसएमएसमध्ये काम होतं. मराठी मेसेज लांबला की त्याचे तुकडे होतात, आणि ते जोडायची माहितीही आतच ठेवावी लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ जागाच उरतात. फोनवर आपल्याला सलग मेसेज दिसतो, पण पाठवणाऱ्या कंपनीला बिल तुकड्यांप्रमाणे लागतं.

अजून एक गंमत. अख्ख्या मेसेजमध्ये एक जरी चिन्ह त्या यादीबाहेरचं आलं, तरी पूर्ण मेसेज युनिकोड होतो. रुपयाचं ₹ हे चिन्ह आपण २०१० मध्ये स्वीकारलं. पाउंड आणि येन यांची चिन्हं त्या मूळ यादीत आहेत, आपलं नाही. बँकांच्या मेसेजमध्ये अजूनही 'आरएस' किंवा 'आयएनआर' दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे. चिन्ह टाकलं की १६० चे थेट ७० होतात.

आता तुम्ही म्हणाल, मग बँकांचा काय दोष? खर्च दुप्पट-तिप्पट होतोय तर कोण करणार? हे लॉजिक मला ऑफिसच्या मीटिंगांमुळे चांगलं माहितीये. लाखो मेसेज जाणार असतील तर दर मेसेजमागचे काही पैसेसुद्धा एक्सेल शीटमध्ये मोठे दिसतात. वर ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक मेसेजचा साचा आधी नोंदवावा लागतो. भाषा वाढली की साचे वाढले, तपासणी वाढली. मग कोणीतरी म्हणतं, 'इंग्रजी सगळ्यांना कळतं ना?' आणि विषय संपतो.

पण शीटमध्ये फक्त पाठवणाऱ्याचा खर्च असतो. मेसेज न कळल्याचा खर्च त्यात कुठेच नसतो. तो कोण भरतं?

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक बघा. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी पैसे काढले, अशा वेळी बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. चार ते सात दिवस लागले तर काही भार ग्राहकावर येतो. आणि ओटीपी आपणच सांगून बसलो असू, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. थोडक्यात, घड्याळ सुरू होतं ते मेसेज आल्यापासून. मेसेज कळल्यापासून नाही! आजोबांनी तो मेसेज नातू शनिवारी घरी येईपर्यंत तसाच ठेवला, तर ते दिवस त्यांच्याच खात्यातून वजा होतात.

आणि सत्तरची मर्यादा फक्त एसएमएसला आहे. अ‍ॅपच्या नोटिफिकेशनला ती नाही, व्हॉट्सअ‍ॅपला नाही. तिथेही मराठीला कात्री लागत असेल तर त्याचा बिटांशी काही संबंध नाही, ती सवय आहे. उलट महावितरणचे मेसेज मराठीतून घेता येतात. म्हणजे ठरवलं तर होतं.

एआयमध्येही हीच गोष्ट पुन्हा घडली. चॅटजीपीटीसारखे मॉडेल मजकुराचे तुकडे करतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि डेव्हलपरला पैसे टोकनवर पडतात. सुरुवातीला मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त व्हायचे. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणताना तुकडे पाडायची पद्धत बदलली आणि त्यांनी दिलेल्या उदाहरणात मराठीचे टोकन जवळपास एक तृतीयांशावर आले. मराठी तीच, वाक्य तेच. फक्त मोजणाऱ्याने यावेळी आपल्याला धरून मोजलं. म्हणून 'मराठी महाग पडते' असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कोणाच्या मापाने?

मग आपण काय करायचं? मोर्चा नको, पंधरा मिनिटं काढा. घरातल्या मोठ्यांचा फोन घ्या. गूगल पे, भीम अशा अ‍ॅपमध्ये भाषा मराठी करता येते, ती करून द्या. पण त्यांना विचारून करा, नाहीतर सवयीची बटणं हरवली म्हणून रात्री तुम्हालाच फोन येईल. बँकेत गेलात तर मेसेजची भाषा बदलता येते का ते विचारा आणि नाही म्हणाले तर लेखी मागणी द्या. मीटिंगमध्ये 'कोणी मागितलंच नाही' हे वाक्य फार चालतं. ते एकदा तरी खोटं ठरू दे. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर त्यांच्या फोनमध्ये देवनागरीत सेव्ह करून ठेवा, 'पैसे गेले तर' या नावाने.

माझ्यासारखे जे मेसेज पाठवणारा कोड लिहितात, त्यांच्यासाठी एकच विनंती. ऑफर्स, लकी ड्रॉ, दिवाळी धमाका खुशाल इंग्रजीत ठेवा. पण 'पैसे गेले' आणि 'ओटीपी सांगू नका' हे दोन मेसेज मराठीत मागणाऱ्याला मराठीत जाऊ देत. एक तुकडा जास्त जाईल. जाऊ दे.

चला, तुमच्या दहापैकी किती मराठीत निघाले ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. बघा, किती सोपं वाक्य आहे. एकाच एसएमएसमध्ये मावतं.