वेळेवर पोचणारा संगणक

(जबलपूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्समधल्या कुठल्याही दुकानात शिरा आणि नवा संगणक मागा. काउंटरवरचा मुलगा विचारणार, “गेमिंग के लिए या ऑफिस के लिए?” आपल्याला तर घरी भजन, भावगीत, एखादं नाट्यपद रेकॉर्ड करायचं असतं. आपण गोंधळून “चांगला दाखवा” म्हणतो, आणि लाल-निळे दिवे लुकलुकणारं, तीन पंख्यांचं महागडं यंत्र घरी येतं. त्यातला बराच पैसा संगीताच्या कामी येत नाही. उलट पंख्यांची घरघर माइकमध्ये शिरते. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की संगीताच्या संगणकाची पारख त्याच्या सर्वांत जलद क्षणावरून करायची नसते, सर्वांत मंद क्षणावरून करायची असते.

हे का, ते बघू. रेकॉर्डिंग करताना आवाजाचे दर सेकंदाला सहसा ४४,१०० नमुने घेतले जातात. संगणक ते एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्यानं हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर २५६ नमुन्यांचा ठेवला, तर दर ५.८ मिलिसेकंदांनी पुढचा गठ्ठा तयार हवाच. पंगतीतला वाढपी डोळ्यांसमोर आणा. तो किती वेगानं धावतो याचं पाहुण्याला काही नसतं. पान रिकामं व्हायच्या आत तो परत यायला हवा. दहा फेऱ्या वाऱ्यासारख्या मारल्या आणि अकराव्या वेळी ओसरीवर कुणाशी गप्पा मारत थांबला, की पान रिकामं पडलं. संगणकात असं झालं की हेडफोनमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो टेक गेला. व्हिडिओ तयार करणाऱ्याचं काम दोन मिनिटं उशिरा संपलं तरी बिघडत नाही. आपलं काम तालात चालतं.

नुसत्या वेगाचा मोह किती फसवा असतो हे सांगायला अटारी एसटीचं उदाहरण पुरे. १९८५ साली आलेल्या या संगणकाचा प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा आणि पहिल्या मॉडेलची मेमरी ५१२ किलोबाइट. आज हे आकडे खेळण्यातले वाटतात. पण दोन वर्षं आधी, १९८३ मध्ये, वाद्यांना एकमेकांशी जोडणारी ‘मिडी’ ही पद्धत ठरली होती आणि अटारीच्या अंगावर मिडीची भोकं कारखान्यातूनच होती. सुरांचे संदेश वेळच्या वेळी पाठवण्यात तो इतका चोख होता की कितीतरी वेगवान यंत्रं आल्यावरही अनेक स्टुडिओंनी त्याला निवृत्त केलं नाही.

आता गायकाच्या बाजूनं पाहू. बफर १०२४ वर आहे. बाई हेडफोन लावून उभ्या आहेत, कानात तानपुरा आणि तबला चालू आहे. त्यांचा आवाज संगणकात जाताना २३ मिलिसेकंद आणि बाहेर येताना आणखी २३ घेतो. स्वतःचा सूर त्यांना किंचित उशिरा ऐकू येतो. मग त्या नकळत थांबून गातात, समेवर मागे राहतात, तबल्याला गाठायला पुढे सरकतात आणि मुखडा डळमळतो. त्यांना वाटतं, आज गळा लागत नाही. गळा ठणठणीत असतो. बफर १२८ वर आणा. येण्याजाण्याला मिळून जेमतेम ६ मिलिसेकंद, अधिक यंत्राचे एकदोन. हवेत आवाजाला दोन-अडीच मीटर जायला साधारण एवढाच वेळ लागतो, म्हणजे बैठकीत समोर बसलेल्याला ऐकण्याइतकंच अंतर. बाई लगेच सावरतात.

गाण्यापुरती यावर एक सोपी सोय आहे. माइक संगणकाला जोडणाऱ्या बऱ्याच ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं, ते फिरवलं की आवाज संगणकात न जाता सरळ कानात येतो. पण कीबोर्डवर संगणकातला हार्मोनियम वाजवायचा असेल तर ही पळवाट नाही, कारण तो सूर संगणकातच जन्मतो. म्हणून आधी स्वतःला विचारा: मी जास्त करून गळा आणि खरी वाद्यं रेकॉर्ड करणार, की संगणकातली वाद्यं वाजवणार? खरेदीची यादी या उत्तरावरून ठरते.

पहिल्या गटातल्या मंडळींना मोठा संगणक लागत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साडेआठ-पावणेनऊ एमबी जागा खातं. आठ ट्रॅक तासभर चालू ठेवले तरी चार जीबीच्या आसपास. १६ जीबी रॅम आणि ५०० जीबीची एसएसडी यांना पुरून उरते. दुसऱ्या गटाचं वेगळं. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा मुद्रित केला. तसा व्हायोलिनांचा ताफा घरी हवा असेल तर वाद्यांच्या मुद्रित सुरांच्या लायब्रऱ्या घ्याव्या लागतात, आणि त्या रॅममध्ये ठाण मांडतात. तिथे ३२ जीबी घ्या आणि लायब्ररीसाठी वेगळी एसएसडी ठेवा.

प्रोसेसर घेताना कोअरच्या संख्येला भुलू नका. एका आवाजावर लावलेले इफेक्ट एकामागून एक चालतात. पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही. त्यामुळे ती साखळी सहसा एकाच कोअरच्या वाट्याला येते. सहा दमदार कोअर पुष्कळ झाले. ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. पैसे वाचतात आणि एक पंखा कमी होतो. मात्र प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला घ्या. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ते नसतं: १२४०० मध्ये आहे, १२४००एफ मध्ये नाही. एएमडीचा ५६००जी चालेल, नुसत्या ५६०० ला कार्ड लागेल. बिल करण्याआधी हे एक अक्षर वाचा.

आता आपल्या गावाचा प्रश्न. परदेशी जाणकार सल्ला देतात तो वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून. जबलपुरात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. रेकॉर्डिंग करायचं तर कूलर बंद, छताचा पंखा बंद, खिडकी बंद. प्रोसेसर खोलीपेक्षा किती तापेल हे त्याचं काम आणि हीटसिंक ठरवतात; समजा ती चढण पन्नास अंशांची आहे. खोली बावीसवर असेल तर तो बहात्तरवर निवांत चालेल. खोली चाळीसवर गेली की तोच नव्वदवर. मग पंखे किंचाळतात, आणि त्यानंही भागलं नाही तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. नेमका तेव्हा वाढपी ओसरीवर थांबतो. म्हणून आपल्याकडे ६५ वॉटचा प्रोसेसर, त्याच्या गरजेपेक्षा मोठा हीटसिंक आणि १२० मिलिमीटरचे सावकाश फिरणारे पंखे घ्यावेत. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो. कॅबिनेटला पुढे काच नको, जाळी हवी, आणि ती धुता येईल अशी, कारण उन्हाळ्यातली धूळ महिन्याभरात ती बुजवते. शिवाय रेकॉर्डिंग सकाळी लवकर करा. आपल्या आजोबांच्या पिढीचा रियाज त्याच वेळी होई, तेव्हा त्यात नवं काही नाही.

विजेकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. स्पीकरमधून ‘हुं’ असा ५० हर्ट्झचा गुंजारव येऊ लागला की कुणीतरी सांगतं, प्लगची जाड पिन काढून टाक. गुंजारव थांबतोही. पण ती अर्थिंगची पिन आहे; ती काढली आणि आत कुठे बिघाड झाला तर धातूचा माइक हातात आणि ओठांजवळ धरलेल्या माणसाच्या अंगातून वीज जाईल. कृपा करून हे करू नका. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावा, बॅलन्स्ड केबल वापरा, घरची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बहुतेक गुंजारव एवढ्यानं जातो. एसएमपीएस नावाजलेला घ्या, आणि इन्व्हर्टर घेताना तो साइन वेव्हचा आहे ना ते बघा. स्क्वेअर वेव्हवर आवाजात भणभण येते.

जोडणी स्वतः करा असं मी आग्रहानं म्हणतो. १९०४ च्या गन कॅरेज फॅक्टरीपासून व्हीकल फॅक्टरीपर्यंतच्या कारखान्यांवर वाढलेलं हे गाव आहे. स्क्रू ड्रायव्हरला भिणारी घरं इथे थोडी. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या ‘कट्’ वाजेपर्यंत दाबा. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, हीटसिंकच्या दाबानं ती आपोआप पसरते. हीटसिंक नीट बसला की चारही स्क्रू कर्णाकर्णानं थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर हीटसिंक तिरका बसतो.

यंत्र सुरू झालं की लगेच गाणं रेकॉर्ड करायला बसू नका. आधी लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम अर्धा तास चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर किती वेळ प्रोसेसर अडवून धरतो ते तो दाखवतो. पुष्कळदा चोर वाय-फाय निघतो. रेकॉर्डिंगच्या वेळी ते बंद ठेवा. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, इंटरफेसला त्याच्या कंपनीचा ‘आसिओ’ ड्रायव्हर घाला. आणि सॉफ्टवेअरसाठी चोरीच्या प्रतीकडे जाऊ नका. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून पाहता येतं आणि त्याचा घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे.

ज्यांच्याकडे जुना संगणक आहे त्यांनी तो भंगारात काढण्याआधी त्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून पाहावी. विंडोज १० ला मिळणारं संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, आणि ११ त्या संगणकावर चढत नसेल, तर लिनक्स घालून ‘आर्डर’ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालवता येतं. यूएसबीवरचे कितीतरी साधे इंटरफेस लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न घालता चालतात. दोन माइक, एक गळा, एक तबला एवढं काम तो संगणक आणखी काही वर्षं करील, आणि नव्या यंत्राचे वाचलेले पैसे चांगल्या माइकसाठी आणि खोलीत टांगायच्या जाड गोधड्यांसाठी राहतील.