यंत्र मोठे नको, हिशेब मोठा हवा

(मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बैठकीत, झाडे काढण्याच्या व्यवसायात उतरलेल्या शेतकरी तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. शेतकऱ्यांच्या बैठकीत झाडे तोडण्याचे यंत्र कसे निवडावे हे कशाला सांगता? कारण साधे आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पडलेली, वाळलेली, धोकादायक झाडे उचलणारे हात आपल्याच घरचे आहेत. शेतीत भागत नाही म्हणून पोरगा मुंबईला येतो, मुकादमाकडे दोन पावसाळे काढतो आणि मग स्वतःची ट्रॉली, स्वतःचा लोडर घ्यायचा विचार करतो. कर्जाला तारण म्हणून गावची जमीन पुढे येते. यंत्र उपनगरात फिरते, बोजा मात्र बापाच्या सातबाऱ्यावर चढतो. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. परवानगीशिवाय झाडाला करवत लावायची नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला आणि ५० वर्षांवरील झाडांना वेगळे संरक्षण मिळाले. सोसायटीच्या आवारातले झाड असले तरी महापालिकेची परवानगी लागते. ती सोसायटीने काढायची आणि तिची प्रत तुमच्या खिशात हवी. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे आहोत. नुसती फांदी उतरवून झाड वाचत असेल तर तेच करा, असेच आम्ही सांगणार. पण ज्या झाडाची मुळे खोदकामात तुटली आहेत, किंवा जो पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने उभ्याउभ्या वाळला आहे, तो पडायची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईने ते पाहिले आहे.

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी चार तरुण सल्ला विचारायला आले. मोठी झाडे येतात, मोठे यंत्र घ्या, असे आम्ही सांगून बसलो. त्यांनी कर्ज काढून भारी लोडर घेतला. पहिलेच काम मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीत होते. फाटक नऊ फुटांचे, पण आत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मध्ये जेमतेम सहा फूट वाट. आणि त्या वाटेखाली पाण्याची टाकी! सेक्रेटरींनी यंत्र आत घेऊ दिले नाही, आणि त्यांचे बरोबरच होते. लोडर चार दिवस फाटकाबाहेर उभा राहिला आणि पोरांनी ओंडके दोर लावून ओढले. वर्षभराने यंत्र तोट्यात विकले. कर्ज राहिले. तेव्हापासून आम्ही एकच नियम सांगतो : यंत्र सर्वांत मोठ्या झाडावरून निवडू नका, सर्वांत अरुंद वाटेवरून निवडा.

झाड मोठे असले तर काय, असे तुम्ही विचाराल. वजनाचा हिशेब करू. ओल्या लाकडाचे वजन सावधगिरीने पाण्याइतकेच धरावे. दोन फूट, म्हणजे ६० सेंटीमीटर जाडीचा एक मीटर लांब ओंडका साधारण २८० किलो भरतो. तोच तीन मीटरचा ठेवला तर ८५० किलो. आता लोडरकडे या. जेसीबी जसे एका कंपनीचे नाव, पण आपण सगळ्याच खोदयंत्रांना जेसीबी म्हणतो, तसेच या छोट्या लोडरना सरसकट बॉबकॅट म्हणतात. यंत्राच्या कागदावर दोन आकडे असतात. एक, किती वजनाला यंत्र पुढे कलंडते. दुसरा, कामाची क्षमता. चाकांच्या लोडरमध्ये कामाची क्षमता कलंडण्याच्या वजनाच्या निम्मी धरतात, पट्ट्यांच्या लोडरमध्ये ३५ टक्के. विकणारा तुम्हाला मोठा आकडा सांगेल, तुम्ही छोटा विचारा. ओंडके धरायचा पंजा लावला की त्याचे वजन त्यातून वजा करा. ओंडका जितका पुढे लोंबेल तितकी क्षमता आणखी घटते.

म्हणजे ७०० किलो क्षमतेचे यंत्र तीन मीटरचा ओंडका उचलणार नाही, पण एक मीटरचा आरामात उचलेल. यंत्र मोठे करण्यापेक्षा ओंडका लहान करणे स्वस्त पडते. करवतीच्या दोन कापांना थोडे तेल लागते, मोठ्या यंत्राला पाच वर्षांचे हप्ते लागतात. अखंड खोडच उचलायचे असेल तर त्या दिवसापुरती हायड्रा क्रेन भाड्याने आणा.

एवढ्या क्षमतेचे यंत्र स्वतः अडीच ते तीन टनांचे असते आणि रुंदी पाच फुटांच्या आसपास. टाकीच्या किंवा गटाराच्या झाकणावर ते घालायचे नाही. चाकांचा लोडर जागच्या जागी वळतो तेव्हा पेव्हर ब्लॉक उखडतो आणि त्याची भरपाई तुमच्या बिलातून जाते. चढावर भरलेले तोंड वरच्या बाजूला ठेवा, ओझे जमिनीलगत ठेवूनच चाला, आणि उचललेल्या हाताखाली माणूस जाता कामा नये.

आता ट्रॉली. इथे तुम्ही आमच्यापेक्षा हुशार आहात, कारण तुम्ही बैलगाडी भरलेली आहे. गाडी उलाळ झाली तर काय होते आणि दाब झाली तर बैलाच्या मानेचे काय होते, हे तुम्हाला शिकवायला नको. ट्रॉलीचेही तेच. दोन चाकी ट्रॉली थोडी दाबच हवी, वजनाचा दहावा भाग तरी हुकावर यावा. उलाळ भरली तर ती मागून हेलकावे देते. फार दाब झाली तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. चार चाकी ट्रॉलीत माल जास्त मावतो, पण उपनगराच्या गल्लीत तिला मागे घेणे म्हणजे परीक्षा. तुमचे निम्मे काम मागे घेण्याचे आहे, म्हणून दोन चाकी घ्या, हायड्रॉलिकने उलटणारी घ्या, आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असल्याशिवाय घेऊ नका. उड्डाणपुलाच्या उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच ट्रॉलीत ओंडके नीट रचले तर मधली पोकळी सोडून दोन-सव्वादोन टन बसतात. त्याच ट्रॉलीत फांद्या भरल्या तर ती काही क्विंटलांतच भरून वाहते. म्हणून लोक फळ्या चार फूट उंच करतात. फांद्यांसाठी ते ठीक आहे, पण घाईत एखादा त्यातच वरपर्यंत ओंडके भरतो आणि ओझे दुप्पट होते. आतून दोन फुटांवर लाल पट्टा मारा : ओंडके पट्ट्याखाली, फांद्या वर. वर जाळी बांधा. मागे रिफ्लेक्टर लावा. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून किती माणसे गेली, ते आपल्या गावांना ठाऊक आहे.

कागदांचेही पाहा. शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याच्या कामाला लावली आणि अपघात झाला, तर विमा हात वर करू शकतो. व्यावसायिक नोंदणी आणि तसाच विमा करा. अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा वाहतूक पोलिसांकडून, आणि लाकूड वाहतुकीचा पास लागतो का हे वन विभागाकडून, काम घेण्याआधी विचारा.

शेवटचा आणि खरा प्रश्न : लोडर घ्यायचा की भाड्याने आणायचा? समजा हप्ता, चालकाचा पगार, विमा, दुरुस्ती आणि उभे करायची जागा मिळून महिन्याला ६६ हजार जातात, म्हणजे वर्षाला ७ लाख ९२ हजार. आणि तसाच लोडर चालकासह दिवसाला ६ हजार भाड्याने मिळतो. डिझेल दोन्हीकडे सारखे धरू. मग वर्षाला १३२ दिवस काम असेल तर दोन्ही सारखे. तुमचे खरे दिवस किती? पावसाळ्याआधीचे दोन महिने, आणि वादळवाऱ्यानंतरचे काही. ६० दिवस भरले तर भाड्याने खर्च ३ लाख ६० हजार. उरलेले सव्वाचार लाख कोणाच्या घामाचे? हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण घातल्याशिवाय सही करू नका. ट्रॅक्टर परवडायला वर्षाला हजार तास चालावा, हा ठोकताळा आपण शेतात शिकलो. शहरात आलो म्हणून तो विसरायचा नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी चांगली ट्रॉली. मग लोडर भाड्याने. तीन-चार गटांचे दिवस मिळून १३२ च्या वर जात असतील, तर सगळ्यांनी मिळून एक. फांद्या बारीक करायचे यंत्रही असेच सामाईक घ्या. फेऱ्या वाचतील, आणि तो चुरा आच्छादनाला किंवा खताला जाईल. पर्जन्यवृक्ष शेंगवर्गीय आहे, त्याचा पाला कचऱ्यात टाकणे आम्हाला तरी बघवत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने तीन आकडे लिहून आणावेत : गेल्या वर्षी लोडरचे काम किती दिवस निघाले, सर्वांत अरुंद वाट किती फुटांची होती, आणि घरच्या सातबाऱ्यावर आज किती बोजा आहे. हे तीन आकडे समोर ठेवून आपण ठरवू. विकणाऱ्याच्या चकचकीत कागदावरून नाही.