तिकिटावरील चेहरा आणि नावाविना दान



पाठशाळेत जाणाऱ्या प्रत्येक बालकाला सप्तव्यसने मुखोद्गत असतात: जुगार, मांसाहार, मद्यपान, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन. यादी म्हणून दाखविणे सोपे आहे. परंतु घरातीलच एखादा तरुण व्यसनात सापडला, की आधी दार लावून घेतले जाते. गुटखा आणि गर्द यांची नावे त्या यादीत नाहीत, अशी पळवाटही काही जण शोधतात. माणसाला परतंत्र करते ते व्यसन, हा त्या यादीचा आशय होय.

या संदर्भात एका टपाल तिकिटाचे स्मरण करणे उचित ठरेल. २००२ साली भारतीय टपाल खात्याने पु. ल. देशपांडे यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. तो गौरव थोर साहित्यिकाचा आणि कलावंताचा होता. मात्र त्या हसऱ्या चेहऱ्यामागे दातृत्वाचीही एक कथा आहे.

१९८०च्या दशकात गर्दने महाराष्ट्रातील अनेक तरुणांना ग्रासले होते. अनिल अवचट यांनी त्या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई व्यथित झाले. व्यसनमुक्तीचे केंद्र उभे राहावे म्हणून त्यांनी १ लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच परिसरात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांचेही या कार्याशी दीर्घकाळ नाते राहिले आहे. संस्थेला दात्याचे नाव दिले गेले नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गुप्तदानाची थोरवी सांगणाऱ्या समाजाला त्याचे मोल सांगावयास नको.

मुक्तांगणात व्यसनी मनुष्यास गुन्हेगार न मानता रुग्ण मानतात. सुमारे ५ आठवड्यांच्या निवासात औषधोपचार, योग, समुपदेशन आणि श्रम यांची सांगड असते. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्ते नवागताला हात देतात. पत्नीशी आणि कुटुंबीयांशीही संवाद साधला जातो, कारण व्यसन एकाचे असले तरी होरपळते सारे घर. व्यसनमुक्तीला वर्ष पूर्ण झाले की त्या मनुष्याचा वाढदिवस साजरा होतो. डॉ. अनिता १९९७ साली आणि अनिल अवचट २०२२ साली निवर्तले; परंतु त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते कार्य पुढे नेले.

२०११ साली टपाल खात्याने 'माय स्टॅम्प' योजना आणली. शुल्क भरून तिकिटासोबत आपल्या पसंतीचे चित्र छापून घेता येते. सुवर्णमहोत्सवी वर्षात एखाद्या विश्वस्त मंडळाच्या मनात तसा विचार आला, तर त्यात गैर काही नाही. परंतु शुल्क भरून चित्र मिळते, पुण्य मिळत नाही. शिवाय तिकीट कितीही सुंदर असले, तरी पत्र घरी पोहोचविणे हेच त्याचे काम. हरवलेला पुत्र घरी पोहोचविणे हे त्याहून मोठे काम आहे.

वागळे इस्टेटच्या शेजारी वाढलेल्या वर्तकनगराला, पगाराच्या रात्री रित्या हाताने परतणारा कामगार अपरिचित नाही. पेढ्यांवरील सुशिक्षित घरांतही हे दुःख आहे; तेथे ते केवळ अधिक काळजीपूर्वक झाकले जाते. म्हणून विश्वस्त मंडळाने आणि समाजाने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. एखाद्या गरजू रुग्णाच्या उपचाराचा खर्च, त्याचे वा दात्याचे नाव जाहीर न करता उचलावा. कुटुंबाने साहाय्य मागितले, तर 'मुलगा कोणाचा?' ही चौकशी व्याख्यानाबाहेरच्या चर्चेचा विषय होऊ देऊ नये. आणि उपचार घेऊन परतलेल्या तरुणाला दुकानात, पेढीवर पुन्हा काम द्यावे. कारण केंद्रातून बाहेर पडणे ही अर्धीच वाट आहे. उरलेली वाट समाजाच्या विश्वासातून जाते.

कोणाच्या घरचे लावून घेतलेले दार या वर्षात उघडले, तर सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!