शब्द फिरतात, पण किती?



गोल फिरण्यासाठी मराठीत असलेले सगळे शब्द सांगायचे म्हटले तर आजचा तास त्यातच संपेल. फिरणे, वळणे, भोवणे, गरगरणे, गिरकी, गरका, फेरी, फेरा, वळसा, चक्कर, घिरटी, प्रदक्षिणा, आवर्तन, रिंगण... यादी लांबवण्यात मला रस नाही. या शब्दांना लाक्षणिक अर्थ कसा चिकटतो, एवढंच मला आज बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की तो कोनावर ठरतो. वस्तू किती अंशांत फिरली हे पाहा, म्हणजे शब्दाचा स्वभाव कळेल.

आपण ‘फिरणे’पासून सुरुवात करू. चाक फिरतं, पंखा फिरतो, जातं फिरतं. पुरते ३६० अंश, आणि तेही पुन्हा पुन्हा. आता हेच क्रियापद माणसांच्या व्यवहारात आणा. त्यानं शब्द फिरवला. त्यानं पाठ फिरवली. दिवस फिरले. साक्षीदार फिरला. यांतलं कुणीही पुरतं फिरलेलं नाही! पुरतं फिरलं असतं तर पाठ फिरवणारा पुन्हा तुमच्याकडेच तोंड करून उभा राहिला असता. शब्द फिरवणारा आपल्या मूळ शब्दावर आला असता आणि तक्रारीला जागाच उरली नसती. साक्षीदार १८० अंशांवर थांबतो, म्हणून तर सरकारी वकिलांची पंचाईत होते. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, तेही अर्धेच फिरतात. प्रत्यक्षात हे क्रियापद पूर्ण वर्तुळ काढतं, लक्षणेत अर्धं काढून थांबतं.

पुढाऱ्यांच्या अशा अर्ध्या फेरीला वर्तमानपत्रं ‘घूमजाव’ म्हणतात. हा हिंदीतून आलेला शब्द. आपल्याकडे घुमतो तो पारवा, घुमतो तो आवाज, किंवा घुमतो तो अंगात आलेला माणूस. तरीही घूमजाव मराठीत पक्का रुजला, कारण तो नेमका १८० अंशांचा आहे आणि त्यात जी थट्टा आहे ती ‘भूमिका बदलली’ या शब्दांत नाही.

या नियमाला अपवाद आहेत. ‘फिरून’ हे अव्यय घ्या. ‘फिरून सांगतो’ म्हणजे पुन्हा सांगतो. इथे वर्तुळ पूर्ण झालं. ‘फिरून फिरून भोपळे चौकात’ या म्हणीतही तेच. ‘फिरायला जाणे’ हा प्रयोग आणखी गमतीचा. फिरायला जाणारा माणूस बहुधा सरळ रस्त्यानं चालतो, पण तो घरी परत येतो. परत आला नाही, तर तो फिरायला गेला असं आपण म्हणत नाही, निघून गेला म्हणतो. ‘पाठीवरून हात फिरवणे’ मात्र माझ्या हिशेबात कुठेच बसत नाही, आणि ते बसवण्याचा माझा हट्टही नाही.

‘फिरणे’शेजारी ‘वळणे’ ठेवा, म्हणजे फरक लगेच दिसतो. रस्ता वळतो तेव्हा तो दिशा बदलतो, पण पुढेच जात राहतो. म्हणून मन वळवता येतं आणि डोकं फिरतं. मन वळवलेला माणूस आपल्याच पायांनी पुढे चालत असतो, आपण त्याला थोडा कोन दिलेला असतो. डोकं फिरलेल्याचं तसं नसतं. मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असतं, गुराखी गुरं वळतो. या सगळ्यांत हलका, जाणता हात आहे. लाडू वळताना आणि वाती वळतानाही तोच. ‘बोबडी वळली’ एवढा एकच प्रयोग मला आठवतो जिथे वळणं कुणाच्या हातात नसतं.

क्रिकेटच्या मराठीनं हा भेद फार नेटका पाळला आहे. गोलंदाज फिरकीचा, पण चेंडू ‘वळतो’. हवेत असताना चेंडू स्वतःभोवती फिरत असतो आणि टप्पा पडला की वाट बदलतो. पहिली क्रिया वर्तुळाची, दुसरी काही अंशांची. फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले ते या काही अंशांच्या जोरावर. (कसोटीत त्यांना एकदाही खेळवलं नाही, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) ‘फिरकी घेणे’ हा थट्टेचा प्रयोगही याच घराण्यातला वाटतो. ज्याची फिरकी घेतली जाते त्याला बोलणं सरळच येताना दिसतं. ते वळलं, हे त्याला उशिरा कळतं.

आता पूर्ण वर्तुळाकडे जाऊ. ‘फेर’ म्हणजे पुरती प्रदक्षिणा, आणि पुरती प्रदक्षिणा केली की आपण निघालो तिथेच येतो. म्हणून ‘फेर’चा अर्थ झाला ‘पुन्हा’: फेरविचार, फेरनिवडणूक, फेरतपासणी. पण हाच ‘फेर’ बदलाचाही शब्द आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारसा लागला, वाटणी झाली, की आधी तिथे नोंद होते आणि मग सातबारा बदलतो. जमीन जागची हलत नाही, नावं फिरतात.

फेरी आणि फेरा यांत तर लिंगाबरोबर सगळंच बदलतं. प्रभातफेरी, स्पर्धेची पहिली फेरी, वाटाघाटींची दुसरी फेरी, एसटीच्या फेऱ्या: फेरी आपण काढतो आणि ती संपते. फेऱ्यात आपण सापडतो. जन्ममरणाचा फेरा, नव्व्याण्णवाचा फेरा, साडेसातीचा फेरा. यातल्या साडेसातीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे बारा राशींतल्या प्रत्येकीत अंदाजे अडीच वर्षं. तीन राशी मिळून साडेसात वर्षं. तीन राशी म्हणजे ९० अंश, अवघं पाव वर्तुळ! तरी आपण त्याला फेरा म्हणतो, कारण जवळजवळ तीस वर्षांनी तो पुन्हा दारात उभा राहतो. त्या साडेसात वर्षांत काय भोगावं लागतं यावर माझा विश्वास नाही, पण शब्द ज्यानं वापरला त्याचं गणित चोख होतं.

‘आवर्तन’ हे पूर्ण वर्तुळाचं सगळ्यांत शहाणं रूप. तबलजीला विचारा, तीनतालाचं आवर्तन १६ मात्रांचं, झपतालाचं १०. आणि कालव्याखालच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल रब्बीचं दुसरं आवर्तन कधी सुटणार. धरणातून ठरावीक दिवसांनी पाणी सोडतात, त्यालाही हाच शब्द. एकाला सम चुकल्याचं दुःख, दुसऱ्याला पाळी चुकल्याचं. दोघांचीही अपेक्षा एकच, की गेलेलं ठरल्या वेळी परत यावं.

‘भोवणे’ मात्र परत येऊन चावतं. संस्कृतातल्या ‘भ्रम्’ धातूपासून आपल्याकडे भोवणे, भोवरा, भोवळ, भोवती हे सगळे आले. ‘हलगर्जीपणा भोवला’ हा मथळा तुम्ही आठवड्यातून एकदा तरी वाचत असाल. कृत्य माणसाकडून निघतं, गोल फिरतं आणि त्याच्यावरच येतं. त्याच धातूचा ‘भ्रम’ मराठीत फिरणं विसरला आणि नुसता चुकीचा समज उरला. आर्यभटानं इसवी सन ४९९च्या सुमारास लिहिलं, की नावेत बसलेल्याला काठावरच्या गोष्टी मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी. भ्रमण आणि भ्रम एकाच ठिकाणी भेटल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इथवर कोन झाला. पण दुसऱ्या कशाभोवती फिरायचं असेल तर मध्यभागी कोण आहे यालाही महत्त्व येतं. मध्ये फूल असेल तर भुंगा रुंजी घालतो, कोंबडीची पिल्लं असतील तर घार घिरट्या घालते, देव असेल तर प्रदक्षिणा आणि कचेरीतला कारकून असेल तर चकरा. वाट तीच, गोल. नाव मधला ठरवतो. यातही कोनाची एक गंमत आहेच. शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ते न ओलांडता मागे फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा तिथवर यायचं. हीच सोमसूत्री प्रदक्षिणा. वर्तुळ तुटतं, प्रदक्षिणा मात्र पूर्ण धरली जाते.

वारीत याहून धिटाई आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं पहिलं रिंगण तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला होतं, आणि ते उभं रिंगण असतं. वारकरी दोन रांगा करून उभे राहतात, मधून अश्व सरळ धावत जातो आणि सरळ परत येतो. गोलाई कुठेच नाही, तरी रिंगणच! रुंदी शून्य असलेलं हे वर्तुळ भूमितीच्या मास्तरांना चालणार नाही, पण निघणं आणि परत येणं हीच ज्यांच्या लेखी रिंगणाची खूण, त्यांना ते चालतं. निवडणुकीच्या रिंगणात उतरणारे उमेदवार या शब्दाचा अर्धाच अर्थ घेतात. परत येण्याचं बहुतेकांच्या मनात नसतं.

शेवटी रहाटगाडग्याविषयी दोन शब्द. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या अखेरीला दैवाच्या खेळाला विहिरीवरच्या रहाटाच्या घड्यांची उपमा आहे: कुणी भरतो, कुणी रिकामा होतो, कुणी वर येतो, कुणी खाली जातो. त्यात चढउतार होता. आज आपण ‘संसाराचं रहाटगाडगं’ म्हणतो तेव्हा त्यात नुसता कंटाळा असतो. त्या रहाटातलं पाणी गेलं आणि फिरणं तेवढं उरलं. हा अर्थाचा तोटाच झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

असे अर्थ टिपून ठेवायचे ते कोशांनी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२पासून येऊ लागले. दोन्ही कोश मी रोज उघडतो. यापुढे जे कोणी मराठी कोश करतील त्यांच्याकडे माझी एकच मागणी आहे. ‘फिरणे’, ‘वळणे’, ‘फेरा’ या नोंदींखाली अर्थ देताना किती फिरायचं आणि कशाभोवती, तेही लिहा.