रुग्णालयातील संसर्ग आणि सफाई कामगार



हा विषय खरे म्हणजे डॉक्टरांचा. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या वस्तीत पुष्कळ झाले. तेव्हा पाहिले तेवढे सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात सफाई करणाऱ्या बाईच्या बोटात कचऱ्यातली वापरलेली सुई घुसली. रुग्णालय म्हणाले, ती ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, जखम रुग्णालयातली. ती बाई मला म्हणाली, "भाऊ, आता लेकराले जवळ घेऊ का नको?" माझ्या मागणीपत्रात पगार होता, रजा होती, बोनस होता, हातमोजे नव्हते. ती चूक माझी.

अशा सुईतून हिपॅटायटीस बी, सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. पैकी बी वर लस आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना ती लस व धनुर्वाताची लस देणे आणि दरवर्षी प्रशिक्षण देणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावयाची, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. ठेकेदाराची माणसे यातून वगळलेली नाहीत.

आपण म्हणाल, हा कामगारांचा प्रश्न. आमचा संबंध काय? 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टराने दाखवून दिले की बाळंतिणींना मारणारा ताप डॉक्टरांच्याच हातांनी पसरतो. क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे करताच मृत्यू झपाट्याने घटले. रोग हातावर बसून फिरतो. हात डॉक्टरचा की सफाईवालीचा, हे तो पाहत नाही. एप्रिल 2020 मध्ये मुंबईच्या एका खाजगी रुग्णालयात 26 परिचारिका व 3 डॉक्टर कोरोनाने बाधित झाले. नव्या रुग्णांना दार बंद झाले. सेवा करणाराच उघडा पडला, तर रुग्णाने जावे कोठे?

1897 साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांना आपण वंदन करतो, ते योग्यच आहे. परंतु वंदनाने आजची सेविका वाचत नाही.

म्हणून बाभुळगावकरांना एवढीच विनंती. आपले माणूस घेऊन येथल्या, यवतमाळच्या वा नागपूरच्या रुग्णालयात जाल, तेव्हा औषधाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा : नळाशी साबण आहे काय? आणि फरशी पुसणाऱ्या बाईला लस व हातमोजे मिळाले काय? ती सुरक्षित असेल, तरच तुमचे माणूस सुरक्षित आहे.