ताईची व छीगोंग : संथ व्यायामाचे आरोग्यमूल्य



चीनमधील शहरांच्या उद्यानांतून सकाळच्या प्रहरी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. साठी-सत्तरी उलटलेले स्त्रीपुरुष गुडघे किंचित वाकवून, पाण्यातून फिरवावेत तसे हात सावकाश फिरवीत असतात. कोणी धापा टाकीत नाही. नवख्या माणसास हा व्यायाम आहे, हेच मुळी पटत नाही. हीच ताईची. ह्या नावाचा आपल्याकडील ताईशी काही संबंध नाही, हे वर्गात आधीच सांगून टाकलेले बरे! त्यातील 'ची' ह्या चिनी अक्षराचा मूळ अर्थ घराचे आढे, आणि त्यावरून 'परमोच्च'. 'छीगोंग'मधील 'छी' हे अक्षर अगदी निराळे असून त्याचा अर्थ श्वास अथवा प्राणशक्ती असा आहे.

ताईची ही मुळात मुष्टियुद्धाची विद्या होय. सतराव्या शतकात हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी ती वाढली. एकोणिसाव्या शतकात यांग लू-छान ह्याने ती तेथे शिकून पेकिंगला नेली. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग परंपरेतील लांबलचक क्रम आटोपशीर करून २४ आकृतींचा सोपा पाठ तयार केला. गुरुगृही जपलेली विद्या सामान्यांच्या हाती पडली, ती मुख्यतः अशा बेतशीर पाठामुळे.

ह्या व्यायामाचे मर्म पावलांत आहे. शरीराचा सगळा भार एका पायावर घ्यावयाचा, दुसरे पाऊल रिकामेच पुढे टेकवावयाचे, आणि मगच भार हळूहळू त्यावर न्यावयाचा. चिनी शिक्षक एका पायास 'भरलेला' व दुसऱ्यास 'रिकामा' म्हणतात. निसरड्या बांधावरून जाणारा शेतकरी अदमास घेत पाऊल टाकतो, तसेच हे. भरभर चालताना वेगच तोल सावरून नेतो. संथ चालीत ती सोय नाही. म्हणून मांडीचे, पोटरीचे व घोट्याचे स्नायू सतत जागे राहतात आणि तळव्याकडून येणारी जाणीव तीक्ष्ण होते. वृद्ध मनुष्य पडतो तो पुष्कळदा भार बदलण्याच्या ह्याच क्षणी. उतारवयात खुब्याजवळ हाड मोडून अंथरूण धरलेला माणूस पुन्हा पूर्ववत चालू लागतोच असे नाही. घरात म्हातारी माणसे असलेल्यांस हे निराळे सांगावयास नको.

ह्या बाबतीत केवळ ऐकीव माहितीवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. अमेरिकेत अटलांटा येथे सत्तरी गाठलेल्या २०० व्यक्तींवर प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. १५ आठवडे ताईची शिकलेल्यांत वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटला होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑरेगन येथील प्रयोगात कंपवाताच्या १९५ रोग्यांपैकी ताईची करणाऱ्यांचा तोल, केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. तथापि अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या २०१९ च्या आढाव्यात पडण्याच्या प्रमाणात सुमारे १९ टक्के घट आढळली. हा लाभ थोडा नव्हे. पण चमत्कारही नव्हे.

छीगोंगची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९४० नंतरच्या दशकात ल्यू ग्वेइ-जन हा तरुण कार्यकर्ता जठराच्या व्रणाने खंगून गावी परतला. तेथे एका वडीलधाऱ्याकडून तो श्वासाची जुनी साधना शिकला, आणि सुमारे शंभर दिवसांनी बरा होऊन कामावर रुजू झाला. पुढे त्याच्याच खटपटीने तांगशान व बैदायहे येथे ह्या पद्धतीची आरोग्यधामे निघाली. १९६५ च्या सुमारास हे सारे अंधश्रद्धा ठरले, आरोग्यधाम बंद पडले, आणि ल्यूला पद गमवावे लागले. १९८० नंतर लंबक दुसऱ्या टोकास गेला. आपल्या हातातून 'छी' सोडून असाध्य रोग बरे करतो, असे सांगणाऱ्या गुरूंचे पेव फुटले, आणि काही रोग्यांनी त्यांच्या भरवशावर औषधोपचारही सोडले. असले दावे कसोटीस उतरले नाहीत. सावकाश व खोल श्वसनाने मन निवते व रक्तदाब काहीसा उतरतो, एवढे मात्र मानण्यास आधार आहे.

जिज्ञासू शिक्षकाने आरंभ करावयाचा तो भार बदलण्याच्या साध्या पावलापासून करावा. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये. श्वास कोंडू नये. वृद्धांनी प्रथम खुर्चीच्या पाठीस धरून उभे राहावे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावाचून बंद करू नयेत. पहिल्या दोनचार आठवड्यांत फारसा फरक जाणवत नाही. अटलांटाच्या त्या वृद्धांनीदेखील १५ आठवडे घेतले होते.